चार पाकळ्यांची साल

दक्षिण चीनमधल्या शिनहुईत संत्र्याचा गर फेकतात आणि साल जपतात; वाळवलेली साल जितकी जुनी तितकी मोलाची. वान्होचा जन्म साली उन्हात घालण्यात आणि ढग दिसला की धावत गोळा करण्यात गेला. आभाळावर तिचा विश्वास नवऱ्यावर होता तेवढाच, म्हणजे बेताचा.

त्या नवऱ्याच्या, गामचुंगच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, धमन्या अरुंद झाल्यात. गोळ्या चुकवू नका, मीठ-चरबी बंद. गामचुंगनं जन्मभर भाजलेलं डुक्कर विकलेलं. तो आळणी पेजेचा वाडगा दूर सारायचा आणि चोरून खारा मासा चोखायचा.

"यापेक्षा मेलेलं बरं!"

"मर की. पण मासा कुठे लपवलायस ते सांगून मर."

बोलली खरी, पण हा असाच वागला तर हातचा जाणार, हे तिला दिसत होतं.

मिठावाचून पेजेला चव आणणारी एकच वस्तू घरात होती, माळ्यावरची लाखबंद बरणी. मुलगी सुतयिंग जन्मली त्या हंगामातल्या साली, तिच्या लग्नात द्यायच्या. सुतयिंगनं तिशी ओलांडली तरी वान्होनं बरणीला हात लावला नव्हता. वडिलांच्या दुखण्याचं ऐकून आलेली सुतयिंग सरळ शिडी चढली.

"अगं, भिंतींना घाम फुटलाय! या दमट हवेत उघडलीस तर सगळ्या बुरसतील."

"बुरसू देत. बाबाच नसतील तर लग्नात मिरवू कुणापुढे?"

लाख फुटली आणि घर वासानं भरलं. वान्हो शिडी धरून उभीच राहिली. जन्मभर साली हाताळूनही असा वास तिनं घेतला नव्हता. इतक्या वर्षांचं ऊन खरंच आत साठलं होतं! तिला रडू आलं.

सुतयिंगनं वरचीच साल भिजवून पेजेत सोडली. गामचुंगनं वास घेतला, वाडग्यात पाहिलं आणि थबकला. शिनहुईत पोरंसुद्धा संत्र्याला तीनच चिरा देऊन साल तीन पाकळ्यांत सोलतात. या सालीला चार पाकळ्या होत्या.

"ही मी सोललेली."

"एवढा बावळट दुसरा कोण आहे इथे?" वान्हो म्हणाली.

"तू आत कळा देत होतीस. माझा हात थरथरत होता." तो सालीकडे बघत राहिला. "तू ही ठेवलीस?"

वान्होनं वाडगा त्याच्याजवळ सरकवला. त्यानं वाडगा चाटूनपुसून संपवला. मग उशीखालून कागदात गुंडाळलेला खारा मासा काढला आणि तिच्या हातात दिला.