दादाच्या टाकीतलं शेवाळ

दादा कावीळ होऊन गेला, तेव्हा बजाजनगरची त्याची खोली रिकामी करायची वेळ आली. कपडे वाटून टाकले, गॅस मित्राला दिला. राहिली माशांची टाकी. आमचे वडील, आबा, म्हणाले, "ती घरी न्यायची."

याच आबांनी ती टाकी पहिल्यांदा पाहिली तेव्हा दादाला टोमणा मारला होता. "गावात माणसाला प्यायला पाणी नाय अन् ह्यानं काचेत डबकं भरून ठेवलंय!"

दादा हसून म्हणाला होता, "आबा, तुमच्या हिरीपेक्षा जास्तच भरंल."

दादाने आयटीआय करून वाळूजच्या कंपनीत काम धरलं, म्हणून माझं कॉलेज झालं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, बी.एस्सी., विषय वनस्पतिशास्त्र. त्याला कौतुक फार. टाकीत नवं रोप लावलं की मला फोन करायचा, "बघून जा, तुझ्या अभ्यासातलं हाय."

करमाडच्या पुढे आमचं गाव. टेम्पोतून टाकी आली. मासे पाण्याच्या जारमध्ये आणि रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. दादाने सर्वात जपलेलं, लांब पात्यांचं एक मोठं रोप होतं. ते मी स्वतः वाळूत रोवलं. घरात कापूस भरलेला, त्यामुळे टाकीला जागा मिळाली ती फक्त खिडकीपाशी.

तिथं सकाळचं ऊन थेट यायचं. काही दिवसांत काच हिरवी झाली आणि पानांवर केसांसारखं शेवाळ चढलं. लोडशेडिंगमध्ये फिल्टर तासन्‌तास बंद. मी खिडकीला जुनं लुगडं बांधलं, ब्रश घेऊन एकेक पान चोळलं. पण मोठ्या रोपाची जुनी पानं पिवळी पडून त्यांना भोकं पडू लागली. अशी पानं बुडातून कापावी लागतात, नाहीतर ती कुजतात आणि शेवाळाला आणखी खाद्य मिळतं. मी कात्री घेतली तर आबांनी हात धरला.

"नको, बाई. ही पानं त्यानं बघितलेली हायत. नवी येतील ती आपली. ही त्याची."

मी कात्री ठेवून दिली. त्यानंतर आबा रोज शेतावर जाण्याआधी टाकीपुढे उकिडवे बसून त्या रोपाकडे बघत राहायचे. रोप उभं राहिलं की आपल्या घरातलं काहीतरी उभं राहील, असं त्यांना वाटत असावं. मलाही वाटत होतं.

एका दुपारी मी शाळेत शिकवून आले तर पाणी गढूळ झालेलं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. काही उलटे तरंगत होते. आबा समोर घामाघूम होऊन बसलेले.

"आबा, काय झालं?"

"युरिया टाकला गं मूठभर. कपाशी पिवळी पडली की देतो, चार दिसांत हिरवी होती. म्हटलं, यालाबी देऊ."

मी बादल्या घेतल्या. आबांनी विहिरीवरून पाणी आणलं, मी उपसत राहिले. अंधार पडेपर्यंत आम्ही तेच करत होतो. एकही मासा वाचला नाही. रोप पाण्यात तसंच उभं होतं, म्हणून आबांना आशा होती.

पुढच्या आठवड्यात पानं बुळबुळीत होऊन एकेक सुटली. दादाने बघितलेलं एकही राहिलं नाही. मी वाळूत हात घालून रोप उचललं, तर ते नुसतं हातात आलं.

"मुळी जिती हाय का?" आबांनी विचारलं.

"नाय, आबा."

"माझ्या खतानं गेलं का?"

"नाय. शेवाळानं गेलं. आधीच गेलं होतं ते."

आबांनी ती मुळी माझ्या हातातून घेतली. दोन बोटांत चिरडून पाहिली, नाकाशी नेली. जन्मभर शेती केलेला माणूस. त्यांना कळायचं ते कळलं असणार.

"व्हय," मग ते म्हणाले, "शेवाळ लई वाईट."

आणि डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसत ते बाहेर ओसरीवर जाऊन बसले.