काकांच्या जीपचा काटा

त्या दिवशी बिसेन काकांची जीप काढली असती, तर दादा दवाखान्यात वेळेवर पोहोचला असता का?

हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. वहिनीला विचारलं, ती आत निघून गेली. काकांना विचारलं, तर ते आपल्या चपलांकडे पाहत बसले.

झालं असं, की दुपारी गॅरेजमध्येच दादाच्या छातीत दुखू लागलं. शेडमध्ये काकांची जुनी डिझेल जीप उभी होती. दादा म्हणाला, "जीप काढ. इंजिनात काही बिघाड नाही." पण ती चालवली की तिचा तापमानाचा काटा लाल पट्टीत जात होता. सालेकसा रोडच्या जंगलात मधेच बंद पडली तर? मी जन्मभर विचार न करता कामं केली. त्या दिवशी एकदाच विचार केला, आणि पिकअपवाल्याला फोन लावला. त्याला यायला पाऊण तास लागला.

शहरातल्या एका मिस्त्रीनं काकांना आधीच सांगून ठेवलं होतं, की इंजिनचं हेड खोला, नाहीतर भंगारात द्या. दादानं दोन दिवस पाणी, पट्टा, पंखा सगळं पाहिलं आणि सांगितलं, इंजिन चांगलं आहे, खोलू नका. तिसऱ्या दिवशी तो गेला. काका म्हणाले, तेरवीपर्यंत थांबतो, मग भंगारवाल्याला बोलावतो. म्हणजे दादाचा शब्द खरा होता हे दाखवायला माझ्याकडे तेवढेच दिवस होते.

त्या दिवसांत लोक येत राहिले. रडायला यायचे आणि किस्सा सांगून जायचे. मिस्त्री माणसाचे किस्से असेच साचतात, प्रत्येक गाडीमागे एक. मी आठवीत शाळा सोडली, लिहायची सवय नाही. गप्पा मारतो तसं सांगतो.

•

आमच्या गॅरेजचा एक नियम होता. गरम गाडी आली की आधी चहा.

लोकांना वाटायचं, काय मायाळू माणूस आहे, गाडी थांबते न थांबते तोच कप हातात. खरं कारण मी. सुरुवातीला एक गाडी वाफा सोडत आली आणि मी धावत जाऊन रेडिएटरचं झाकण फिरवलं. दादानं मला ढकललं आणि उकळतं पाणी त्याच्या हातावर आलं. मलम लावताना तो एवढंच म्हणाला, "गरम असताना झाकण खोलायचं नाही. थांबायचं." वहिनी म्हणाली, हा थांबणारा आहे का? तेव्हापासून नियम झाला. चहा ठेवायचं काम माझ्याकडे. चहा उकळेपर्यंत आणि पिऊन होईपर्यंत इंजिन गार व्हायचं, आणि मीपण.

एका ड्रायव्हरला हा चहा इतका आवडला, की तो गाडी गरम नसतानाही थांबायचा. दादा त्याला विचारायचा, "गाडीले काय झालं?" तो म्हणायचा, "गाडी ठीक आहे जी, मीच गरम झालो."

•

मोहफुलं भरून नेणारा एक पिकअपवाला एकदा घाबरून आला. म्हणाला, भैया, अंधार पडला की इंजिन तापता है. दिवसा एकदम ठीक.

मी लगेच पाना उचलला. दादानं बोनेट उघडून इंजिनच्या हेडवर बोटानं पाण्याचा एक थेंब सोडला. ही त्याची पद्धत. चर्र झालं तर तापलं, गुपचूप वाळलं तर नाही. थेंब गुपचूप वाळला. मग त्यानं ड्रायव्हरला हेडलाइट लावायला सांगितले. तापमानाचा काटा वर गेला, आणि त्याच्यासोबत डिझेलचाही.

"डिझेल किती टाकलं होतं?" दादानं विचारलं.

"पाच लिटर."

"पाह्य, दिवे लावले तर टाकी भरून राहिली. हा धंदा सोडून पंप टाक."

मीटरची अर्थिंगची तार गंजली होती, म्हणून दिवे लागले की सगळेच काटे वर जायचे. पॉलिश पेपरनं घासली, काम झालं. तो ड्रायव्हर तेरवीच्या आधी येऊन हे सांगत होता आणि सांगता सांगता हसला. मग वहिनीकडे पाहून त्यानं हसू आवरलं. वहिनी म्हणाली, हसा ना, त्यालाही हसू आलं होतं.

•

लग्नसराईतली गोष्ट. दवनीवाड्याकडची एक गाडी फक्त वरात असली की तापायची. एरवी बाजारहाट करा, काही नाही. मालकाच्या आईनं नजर लागली म्हणून बोनेटला लिंबूमिरची बांधली. तरी तापायची. मग दोन बांधल्या.

दादा म्हणाला, वरात असेल तेव्हाच आणा. ते खरंच आणतील असं त्याला वाटलं नव्हतं. आले. नवरदेव मागे बसलेला, बँडवाले रस्त्यावर, गाडी वाफाळलेली. समोरच्या जाळीवर नवरानवरीच्या नावाचं फ्लेक्स ताणून बांधलेलं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेडिएटरला हवाच नाही.

दादानं फ्लेक्स सोडून टपावर बांधलं. आणि नियम तो नियम, नवरदेवाला चहा दिला. त्यांचा मुहूर्त टळला. नवरीच्या बापानं नंतर दादाला दोन दिवस फोनवर शिव्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी स्वतःची गाडी घेऊन आला.

•

राइस मिलच्या ट्रकचा किस्सा तर माझ्या आवडीचा. शहरातल्या दुकानदारानं सांगितलं होतं, रेडिएटर गया, नया डालो. मालक नवीन घ्यायला निघालाच होता. दादानं रेडिएटर काढून उलटा धरला आणि मागून पाण्याचा फवारा मारला. जाळीतून धानाचा कोंडा निघायला लागला. निघतच राहिला. गाडी रोज मिलच्या कोंड्यात उभी राहायची, जाळी पूर्ण बुजली होती.

शेजारच्या कोंबड्या धावत आल्या आणि टिपायला लागल्या. दादा मालकाला म्हणाला, "हे पाह्य, खरे रेडिएटरवाले आले."

•

आता काकांची जीप.

तेरवीच्या आदल्या दिवशी सकाळी मी शेड उघडलं. डोकं फिरलेलं होतं. पाना घेतला आणि हेडच्या बोल्टला लावला. म्हटलं खोलूनच टाकतो, आत काय आहे ते एकदा दिसू दे. वहिनी दारात आली. म्हणाली, "त्यानं खोलू नको म्हटलं होतं ना?" मी पाना खाली ठेवला.

काका आले, बाजूला बसले. मी जीप सालेकसा रोडवर काढली. नाल्याच्या पुलावर काटा हलला. जंगल लागलं तसा लाल पट्टीत गेला. काका म्हणायला लागले, थांब बाबू, इंजिन जाम होते. मी थांबलो नाही. पुढच्या गावापर्यंत नेली, मग बोनेट उघडलं आणि हेडवर थेंब सोडला.

गुपचूप वाळला.

परत सोडला. परत वाळला. मी रस्त्याच्या कडेला बसलो. काका माझ्या बाजूला येऊन बसले. दादाचा शब्द खरा होता. जीप त्या दिवशीही चालली असती.

मग उठून इंजिनवरच्या तापमानाच्या सेंसरची तार काढली. काटा खाली आला. म्हणजे काटा ठीक, तारही ठीक, राहिला सेंसर. परत येऊन गावातल्या एका बंद पडलेल्या तशाच जीपचा सेंसर मागून आणला आणि बसवला. तासभर गाडी फिरवली. काटा मधोमध, हलायला तयार नाही.

काढलेला सेंसर मी तळहातावर घेऊन पाहिला. तो जीपचा नव्हता, ट्रॅक्टरचा होता. पेचाचे आटे सारखे, म्हणून बसतो. पण काटा जास्त दाखवतो.

मला सगळं आठवलं. उन्हाळ्यात जुन्या सेंसरमधून पाणी गळत होतं. काकांच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. दादानं डब्यात जो सापडला तो बसवला आणि दहा मिनिटांत जीप रवाना केली. नंतर बदलतो म्हणाला. जीप मग शेतघरीच उभी राहिली आणि ते राहून गेलं. त्या दिवशी मी पाणी ओतत होतो. काकांनीच दादासाठी टॉर्च धरला होता.

काकांनी माझ्या हातातून सेंसर घेतला. उलटसुलट केला. चष्मा वर करून वाचला.

"हा ट्रॅक्टरचा आहे. कोणं बसवला होता गा?"

वहिनी पाण्याचा गडवा घेऊन आमच्या मागेच उभी होती.

"मी," मी म्हटलं.

काकांनी चष्मा खाली करून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी वहिनीकडे पाहिलं.

"पक्का?"

"हाव जी," मी म्हटलं. "दादा नव्हताच त्या दिवशी."