उठला की मॉनिटर गेला

ओरेस्ट बिलानियुक एका जागी स्वस्थ बसलाय, असं कॅनडातल्या मार्कहमच्या त्या ऑफिसात कुणी शपथेवर सांगू शकलं नसतं. कॉफी आणायला उठायचा, वाटेत कुणाशी तरी वाद घालून रिकाम्या हाताने परत यायचा, कॉफी आठवली की पुन्हा उठायचा. लग्नातली गोष्ट तर त्याची बायको लारिसा आल्यागेल्याला ऐकवते. तिकडे सस्कॅचेवानच्या युक्रेनियन चर्चमध्ये डोक्यावर मुकुट ठेवून नवरानवरीला बराच वेळ ताटकळत ठेवतात. याचा मुकुट दोनदा घसरला. शेवटी पाद्रीबाबांनी टेबलाभोवती फेरे घ्यायला सांगितलं, तर हा असा सुटला की नवरीच्या हातातली मेणबत्ती विझली.

अशा माणसाच्या हाती काम काय यावं? मॉनिटर आला की गेला हे ओळखायचं. कॉम्प्युटरला मॉनिटरची केबल जोडली की तिच्यातल्या एका पिनेवर विजेचा दाब चढतो, उपसली की उतरतो. ही चढउतार पाहून ग्राफिक्स ड्रायव्हरने, म्हणजे पडदा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने, ठरवायचं, पाहुणा आला का निघून गेला. गेला म्हटलं की त्याच्यावरच्या सगळ्या खिडक्या उचलून दुसऱ्या पडद्यावर नेऊन टाकायच्या. आला की परत मांडायच्या.

ड्रायव्हरचा हा भाग मॉइरा गिलेस्पी या बाईंनी लिहिलेला आणि वर्षानुवर्षं सांभाळलेला. दाब उतरला तरी बाईंचा ड्रायव्हर लगेच बोंब मारत नसे. पापणी लवेल एवढा थांबे, पिनेकडे पुन्हा बघे, आणि मगच 'गेला' म्हणे. ओरेस्टला ते थांबणं सहन होत नसे.

"डुलकी काढतो तुझा ड्रायव्हर," तो बाईंना तोंडावर म्हणायचा. त्या ऑफिसात सगळेच एकमेकांना नावाने हाक मारायचे, वयाचा मुलाहिजा कुणी ठेवायचं नाही.

"या वयात मीही काढते," बाई विणकाम खाली न ठेवता म्हणायच्या. मीटिंगमध्ये त्या मोजे विणत बसायच्या.

या हिवाळ्यात ओरेस्टने ते थांबणं काढूनच टाकलं. दाब उतरला की त्याच क्षणी मॉनिटर गेला. झटपट, लखलखीत काम. बाई एप्रिलमध्ये निवृत्त होणार होत्या, आणि त्या म्हणाल्या होत्या, "तुझा बदल शुक्रवारी नव्या आवृत्तीत बिनतक्रार गेला, तर हा सगळा भाग तुझ्या नावावर करायला मी सांगते." ओरेस्टने त्याच संध्याकाळी लारिसाला फोनवर ही बातमी पक्की म्हणून सांगून टाकली. लारिसाने ती आपल्या आईला सांगितली. म्हणजे मग सस्कॅचेवानमध्ये कुणाला कळायचं राहिलं नाही.

आणि सोमवारपासून त्याचा मॉनिटर जायला लागला.

केबल जागच्या जागी. मॉनिटर मात्र मध्येच काळा व्हायचा, सगळ्या खिडक्या लॅपटॉपच्या इवल्या पडद्यावर ढिगाने कोसळायच्या, आणि दोन श्वासांत मॉनिटर काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने परत. ओरेस्टने केबल बदलली. मॉनिटर बदलला. ग्राफिक्स कार्ड बदललं. शेवटी शेजारच्या टेबलावरचा दिवासुद्धा बदलला, त्याचा या प्रकरणाशी काय संबंध ते दिव्यालाच ठाऊक. तपासणीच्या खोलीत मात्र तोच ड्रायव्हर दिवसभर चालवला तरी काही होत नव्हतं.

तिथली मुख्य मारिव्हिक टोलेंटिनो. जिभेने तिखट, आणि डब्यात रोज लसणाचा भात, त्यामुळे ती आलेली मजल्याला आधी नाकाने कळायची. बुधवारी ती ओरेस्टच्या टेबलाशी येऊन ठाकली.

"ऊठ. आज दुपारभर मी बसते इथे. तू फिरून ये, नाहीतरी तेच करतोस."

तिने तिथेच डबा खाल्ला, बहिणीशी फोनवर मनसोक्त बोलली, मॉनिटरवर नजर ठेवून. मॉनिटर ढिम्म. ओरेस्ट पाचव्यांदा डोकावला तेव्हा ती म्हणाली, "गुणी बाळ आहे. ये, बस तुझ्या जागी," आणि उठली.

मॉनिटर गेला.

"बघितलंस?" मारिव्हिक म्हणाली. "तुला घाबरतो तो."

"मी हातसुद्धा लावला नाही."

"नुसता दिसलास तरी पुरतं. माझ्या भावजयीचा कुत्रा असाच करतो."

ओरेस्ट फणफणत खुर्चीत आदळला. मॉनिटर परत आला होता. मग तिच्याशी वाद घालायला तो ताडकन उठला, आणि मॉनिटर पुन्हा काळा. आता मारिव्हिकच्या चेहऱ्यावरची थट्टा उतरली.

"बस," ती म्हणाली. तो बसला. "ऊठ." तो उठला. गेला. "आता तू दाराशी उभा राहा. अजून मागे. हां." ती स्वतः बसली आणि उठली. गेला.

दोघांनी एकदमच खुर्चीकडे पाहिलं. गॅसच्या दांड्यावर वरखाली होणारी, नवीकोरी, सोमवारीच आलेली, ओरेस्टने भांडून मिळवलेली. तपासणीच्या खोलीत सगळे लोखंडी स्टूल. बाहेर बर्फ, आत हीटरची खडखडीत कोरडी हवा, दाराच्या मुठीला हात लावला तरी ठिणगी उडायची. वजन उठलं की खुर्चीचा दांडा वर येई आणि तिथेही तशीच ठिणगी पडे. तिची थाप केबलवर, पिनेवरचा दाब क्षणभर खाली, आणि ओरेस्टचा ड्रायव्हर एका पायावर तयार: गेला.

त्यांनी खुर्ची ढकलत तपासणीच्या खोलीत नेली. सगळी माणसं मान वर करून बघत होती. तिथेही तोच खेळ. ओरेस्टला इतका आनंद झाला की तो खुर्ची घेऊन तडक मॉइराबाईंच्या दारात.

"खुर्चीचा दोष," तो म्हणाला. "ड्रायव्हर निर्दोष. फेकून देतो ही, आणि शुक्रवारी माझा बदल जातो."

बाईंनी टाका पुरा केला. "अशा खुर्च्या किती असतील रे जगात?"

"मला काय माहीत?"

"त्या सगळ्या तू जाऊन फेकणार?"

"पण खोटं ती केबल बोलते. ड्रायव्हर काय करणार?"

"केबल नेहमीच थोडं खोटं बोलते. माझ्या घरात मांजर तिच्यावर चढली तरी बोलायची." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तू नाही सांगितलंस तर हे कुणाला कळणार नाही. मारिव्हिकला मी गप्प करू शकत नाही, पण तिचं बोलणं लोक निम्मंच धरतात. शुक्रवारी तुला वाटेल ते कर. मी विचारायला येणार नाही."

गुरुवारभर ओरेस्ट मजल्यावर फेऱ्या मारत होता. थांबणं परत आणलं तर हिवाळाभर केलं काय, असं सगळे विचारणार. नाही आणलं, तर कुठेतरी कुणीतरी हिशेब अर्धवट टाकून चहाला उठणार, आणि त्याचा पडदा कोसळणार. शिव्या ओरेस्टला ऐकू येणार नव्हत्या, पण ऐकू येत नाहीत म्हणून काही कमी पडणार नव्हत्या. लारिसाला त्याने दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा भाजी काय आणू एवढंच विचारलं.

शुक्रवारी दुपारी त्याने उभ्याउभ्याच आपला बदल मागे घेतला आणि सगळ्यांना मेल टाकली. कारण सरळ लिहिलं: खुर्चीवरून माणूस उठला की मॉनिटर जातो, जुनं थांबणं बरोबर होतं. तासाभरात मजल्यावर जो तो उठताना त्याला ओरडून विचारायला लागला. "ओरेस्ट, उठू का रे?"

मॉइराबाई स्वतः त्याच्या टेबलाशी आल्या.

"एप्रिलचं काय?" ओरेस्टने विचारलं. पाय हलायचा थांबला नव्हता.

"मी एप्रिलमध्ये जात नाहीये. ऑक्टोबरपर्यंत आहे."

"आणि हा भाग कुणाला देणार?"

"ते ऑक्टोबरात पुन्हा बघते."

"म्हणजे हो का नाही?"

"ऑक्टोबरात," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

ओरेस्ट खुर्चीत बसला. फेब्रुवारीसुद्धा अजून संपला नव्हता. मग लारिसाला आणि पर्यायाने तिच्या आईला हे कसं सांगायचं, याचा विचार करायला तो उठला.