दोन दिवस मागितले होते

लागेल त्याच्या दुप्पट मागायचं, ही सवय मला आईकडून मिळाली. आई शाळेच्या फाटकाबाहेर पेरू आणि चिंचा विकायची. गिऱ्हाईक खालून वर यायचं, आई वरून खाली, आणि मध्ये कुठेतरी दोघंही हसायचे. पहिल्याच बोलीला ‘बरं’ म्हणून कुणी पेरू उचलला, तर आईचा चेहरा पडायचा. “आजारी असेल बिचारा,” म्हणायची.

नवऱ्याच्या नोकरीमागून योकोहामाला आले तेव्हा ही सवय बरोबर आली. चार डब्यांपासून सुरुवात केली. आज माझं स्वतःचं स्वयंपाकघर आहे, सहा बायका कामाला आहेत, आणि कुणी ‘नाही’ म्हटलं की मी खुर्ची ओढून बसते. इथे कुणी घासाघीस करत नाही, असं पहिल्या वर्षी मला सगळ्यांनी सांगितलं. मी केली, आणि जमली. त्यामुळे सवय सुटायचं काही कारणच पडलं नाही.

एकोणपन्नासाव्या वर्षी मी सिनेमाच्या वर्गात नाव घातलं. दर शनिवारी, वर्षभर. शेवटी प्रत्येक गटाने पंधरा मिनिटांची फिल्म करून दाखवायची. आमच्या गटात पाच जण होते, चौघं माझ्या निम्म्या वयाची. सगळ्यांनी गोष्टी लिहिल्या आणि निवडली गेली माझी.

गोष्ट घरातलीच होती. विमानं बंद होती त्या वर्षी माझे सासरे गेले. नवऱ्याला जाता येईना. दहाव्या दिवशी तो उठला आणि स्टेशनपलीकडच्या बाजाराच्या गल्लीतल्या न्हाव्याकडे गेला. दोन खुर्च्यांचं दुकान. म्हातारा केस कापतो, म्हातारी गरम टॉवेल देते. आम्ही घरात त्यांना आजोबा-आजीच म्हणतो. नवरा म्हणाला, सगळे काढा. आजोबांनी मशीन उचललं, पुन्हा खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, “काय चूक झाली तुमच्या हातून?” कारण इथे मोठा माणूस डोकं भादरतो तो माफी मागायला. नवरा तुटक्या जपानीत म्हणाला, “चूक नाही. वडील.” आजोबांनी रेडिओ बंद केला, मशीन खणात टाकलं, वस्तरा काढला आणि पाऊण तास एक शब्द न बोलता डोकं केलं. शेवटी दोघं नवरा-बायको त्याच्यासमोर वाकली.

एवढीच गोष्ट. वर्गात वाचली तेव्हा दोन मुली रडल्या. सर म्हणाले, “फार चांगली आहे.” आणि मग आमच्या गटातल्या बावीस वर्षांच्या मुलीकडे हात केला. “दिग्दर्शन हिने करावं. तुम्ही निर्मिती बघा. जागा, परवानग्या, जेवण. तुम्हाला ते छान जमेल.”

जेवण!

“सर,” मी उभी राहिले, “गोष्ट माझी. डोकं माझ्या नवऱ्याचं. आणि मी जेवण बघू?”

माझा आवाज आधीच मोठा. सगळा वर्ग आपापल्या बुटांकडे बघायला लागला. सर मान हलवून म्हणाले, “तुमचं म्हणणं बरोबर आहे.” आणि काहीही बदललं नाही. आपल्याकडे माणूस भांडतो तरी, त्याला धरता येतं. मान डोलावणाऱ्याला कुठून धरणार?

तो राग मनात ठेवूनच मी कामाला लागले. पहिलं काम घरातच होतं.

“पुन्हा भादरू?” नवरा म्हणाला. “एकदा वडिलांसाठी केलं, आता बायकोसाठी?”

“मी जिवंत आहे रे अजून.”

“म्हणूनच विचारतोय.”

पण तो तयार झाला. दुसरं काम आजोबांचं दुकान. न्हाव्याच्या भूमिकेत आजोबाच हवेत, असं त्या मुलीचं म्हणणं होतं आणि तेवढं मला पटलं होतं. चित्रीकरणाला चार तास पुरणार होते. मुलांना सुट्टी शनिवार-रविवारीच, आणि न्हाव्याचा धंदाही शनिवार-रविवारीच. चार तास मागितले तर दोन मिळतील. एक दिवस मागितला तर अर्धा. मी दोन दिवस मागितले.

अवघड मागणी आली की इथले लोक ओढतात तशी आजोबांनी दातांमधून हवा आत ओढली. आजींकडे बघितलं. मग कॅलेंडरकडे.

“दोन दिवस लागतात का?”

“लागतात.”

“मग दोन दिवस.”

मी घासाघिशीला खुर्ची ओढून बसले होते, ती तशीच उठले.  पहिल्याच बोलीला ‘बरं’ म्हणणारं आईचं गिऱ्हाईक आठवलं. पण वर्गात जाऊन मी ऐटीत सांगितलं, “दोन दिवस दुकान आपलं.” सरांच्या कानावर जाईल एवढ्या मोठ्याने.

शनिवारी सकाळी गेलो तर दारावर हाताने लिहिलेला कागद होता. ‘शनिवार आणि रविवार, चित्रीकरणासाठी दुकान बंद. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ आत आरसे लखलखीत. आजोबांच्या अंगावर नवा पांढरा कोट. आजींनी आठ टॉवेल गरम करून ठेवले होते. आम्हाला एकच हवा होता.

त्या मुलीने सगळ्यांना समजावलं. डोकं एकदाच भादरता येणार. पुन्हा संधी नाही. आजोबांनी मशीन उचलायचं, थांबायचं, “काय चूक झाली तुमच्या हातून?” एवढं विचारायचं, नवऱ्याचं उत्तर ऐकायचं, मग रेडिओ बंद. आजोबांनी तीनदा म्हणून दाखवलं. कॅमेरा सुरू झाला. नवरा म्हणाला, सगळे काढा. आजोबांनी मशीन उचललं. थांबले. आरशात त्याच्याकडे बघत राहिले. आणि काही न विचारता रेडिओ बंद केला आणि वस्तरा घेतला.

मी कॅमेऱ्यामागे उभी होते. ओरडायला तोंड उघडलं, तर त्या मुलीने माझ्या दंडावर हात ठेवला. तोवर वस्तरा अर्ध्या डोक्यावरून फिरला होता.

“आजोबा, तुम्ही विचारलं का नाही?” झाल्यावर मी विचारलं.

ते ओशाळले. “मला माहीत आहे ना वडील गेले ते. माहीत असून कसं विचारू?”

आता तो प्रश्नच नाही म्हटल्यावर गोष्ट काय राहिली? इथला प्रेक्षक बघणार: एक परदेशी माणूस येतो, डोकं भादरून घेतो. ऑफिसात काहीतरी लफडं केलं असेल, माफी मागतोय. वडील नाहीत, काही नाही. माझ्या सासऱ्यांचं मरण म्हणजे कुणाची तरी चुकलेली फाईल! तीन आठवड्यांत फिल्म द्यायची होती, तेवढ्यात नवऱ्याचे केस बोटभरही वाढणार नव्हते. दुपारचे दोन वाजले होते. ती मुलगी स्क्रीनवर वाकून पुन्हा पुन्हा बघत होती. “उद्या आपण—” म्हणाली.

“उद्या काय? उद्या केस उगवणार आहेत?” मी म्हटलं. “संपलं. उद्या कुणी यायचं नाही.”

आणि पिशवी उचलून चालती झाले. मागून आजोबा म्हणाले, “उद्या भेटू.” मला वाटलं, शिष्टाचार.

आमच्या वर्गाचा एक नियम होता. दुकानदाराशी बोलायचं ते फक्त निर्मिती बघणाऱ्याने, दहा जणांनी दहा गोष्टी सांगायच्या नाहीत. म्हणजे आजोबांना ‘उद्या नको’ हे सांगायचं काम माझं. चौघांना वाटलं मी सांगितलं असेल. मी रागात होते. मला वाटलं, दुकान त्यांचं आहे, उघडतील.

रविवारी अकराच्या सुमारास कोथिंबीर आणायला मी त्या गल्लीत गेले. कागद अजून दारावर होता. एक म्हातारा गिऱ्हाईक तो वाचून, कागदालाच मान लववून परत फिरला. मी काचेतून आत बघितलं. आजोबा आणि आजी गिऱ्हाइकांच्या बाकावर शेजारी शेजारी बसले होते, पांढरे कोट घालून, हात मांडीवर. समोर स्टुलावर आठ कप पालथे घातलेले. टॉवेलच्या पेटीतून वाफ येत होती.

मी शीतपेयांच्या मशीनमागे लपले. एकोणपन्नास वर्षांची बाई, हातात कोथिंबीर. डोकं नेहमीसारखं चालायला लागलं होतं. कॅमेरा बिघडला म्हणू. मुलगी आजारी पडली म्हणू. दोन्ही चाललं असतं, इथे कुणी उलट विचारत नाही. पण कागदाला मान लववून गेलेला तो म्हातारा डोळ्यांसमोरून हलेना.

मी दार ढकललं. दोघं उठून उभी राहिली.

“आज काही नाही,” मी म्हटलं. “काम कालच झालं. मला चार तासच हवे होते.”

“पण दोन दिवस लागतात म्हणालात.”

“म्हणाले. तुम्ही अर्धा दिवस द्याल असं वाटलं, म्हणून दोन म्हणाले.”

आजोबांना हे कळायला वेळ लागला. “लागत नव्हते?”

“नव्हते.”

“मग मागितले का?”

मी हातातली कोथिंबीर बाकावर ठेवली.  आजी हळू आवाजात म्हणाल्या, “एकोणीस जणांना फोन केले. सगळ्यांनी समजून घेतलं.” तक्रार नव्हती हो त्यात. त्या मला धीर देत होत्या, की त्रास झाला नाही. त्याने मला जास्त लागलं.

“आजोबा,” मी म्हटलं, “इथल्या रीतीने मीच डोकं भादरून घ्यायला हवं. बसू खुर्चीत?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या लांब वेणीकडे बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, “आज दुकान बंद आहे.”

आधी आजी हसल्या. मग मी. आजोबा हसले नाहीत, पण त्यांनी तीन कप सुलटे केले.

चहा घेताना मी त्या मुलीला फोन केला. खरं काय ते सांगितलं. वाटलं, ओरडेल. ती म्हणाली, “म्हणजे आजोबा आज मोकळे आहेत? आत्ता येते.”

“येऊन काय करणार? केस—”

“केस कशाला हवेत? प्रश्न विचारताना फक्त आजोबांचा चेहरा दाखवू. तुमचे मिस्टर खुर्चीत आहेत असं समजायचं, उत्तराला त्यांचा नुसता आवाज पुरेल. कालच सांगणार होते.”

कालच सांगणार होती. मी बोलू दिलं असतं तर.

पाऊण तासात ती कॅमेरा घेऊन आली, मागून बाकीचे तिघं. नवरा टोपी घालून आला. तेवढ्यात मी स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसाठी डबे भरून आणले, मटार-भात आणि काकडीची कोशिंबीर. सरांचं म्हणणं खरं केलं एकदाचं.

आजोबा खुर्चीमागे उभे राहिले. तरी जीभ रेटेना. “समोर कुणी चुकलेलं नसताना कसं विचारायचं?” म्हणाले.

त्या मुलीने मला कॅमेऱ्याच्या शेजारी, अगदी लेन्सला गाल लागेल एवढं जवळ उभं केलं. “इथे बघून विचारा,” म्हणाली. “ह्या चुकल्यात.”

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मशीन हळूच खाली ठेवलं. आणि विचारलं, “काय चूक झाली तुमच्या हातून?”

त्यात राग नव्हता. ऐकून घ्यायची तयारी होती, आणि ऐकल्यावर माफ करायचं आधीच ठरलेलं होतं. मी कथेत ते वाक्य लिहिलं होतं, पण असं नव्हतं लिहिलं. मला तसं लिहिताच आलं नसतं. कॅमेऱ्याशेजारी उभी राहून मी तोंडावर हात दाबून धरला, आवाज जाऊ नये म्हणून.

फिल्म दाखवली त्या दिवशी आजोबा-आजी ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत बसले होते. नवरा कोवळ्या केसांचं डोकं घेऊन त्यांच्या शेजारी. त्याच्या ऑफिसात तोवर तीन जणांनी हळूच विचारलं होतं, कोणता प्रोजेक्ट बुडाला म्हणून. दिवे लागल्यावर सरांनी त्या मुलीला विचारलं, “ती नजर कशी मिळवलीस?” तिने माझ्याकडे बोट दाखवलं. “निर्मिती चांगली होती,” म्हणाली. सरांनी मान डोलावली.

श्रेयनामावलीत मी चौथी आहे. तिथे मी पहिली हवी होते, असं मला अजूनही वाटतं, आणि सर भेटले तर अजून सांगेन. जेवण म्हणाले ते काही मी विसरलेले नाही. पण त्या मुलीच्या जागी मी असते तर शनिवारी दुपारी दोन वाजता फिल्म संपली होती, हेही मला माहीत आहे. आता ती दर महिन्याला घरी जेवायला येते, आणि मी तिचं वाक्य पुरं होऊ देते. पुष्कळदा.

आजोबा नवऱ्याचे केस कापताना विचारतात, “बायकोला विचारून आलात ना? किती दिवस लागतील?”

गेल्या महिन्यात मी स्वतः गेले, दारावरचा तो कागद मागायला. आजींनी तो खणात जपून ठेवला होता.

“फक्त कागद?” आजोबांनी विचारलं. “आणखी काही नाही?”

“तेवढाच हवाय,” मी म्हटलं.

त्यांनी आजींकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे, आणि दोन्ही हातांनी तो माझ्यापुढे धरला.