चांदणी लावलेली माणसं

आम्ही जुनी मंडळी भेटलो की आमच्या दवाखान्याच्या गोष्टी आपोआप निघतात. एकाने सुरुवात करायची आणि दुसऱ्याने "थांब, ते तसं नव्हतं" म्हणत मध्ये तोंड घालायचं, असं करत करत त्या इतक्या साठल्या आहेत की माझं खरं वागणं कोणतं आणि मंडळींनी जोडलेलं कोणतं, हे मलाही सांगता येत नाही. खाली सांगतोय तेवढं मात्र खरं आहे.

साल सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी. कर्जतला भिसेगावात टी.बी.चा छोटा दवाखाना होता. एक डॉक्टरबाई, वाड्यांवर चालत जाऊन औषधं पोचवणारे बारकूदादा आणि मी. मी पूर्वी टायपिंग शिकवायचो, म्हणून देणगीत आलेला कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडला आणि मी सगळ्यांचा मास्तर झालो.

पेशंटची नावं डेटाबेसमध्ये होती. या आठवड्यात औषध कोणाला द्यायचं, ती यादी काढायला मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्याला सगळे "मास्तरांच्या ओळी" म्हणायचे. दर सोमवारी मी त्या ओळी चालवायचो, यादी छापून यायची आणि बारकूदादा पिशवी खांद्याला लावून निघायचे.

मग त्या डेटाबेसचं नवं व्हर्जन आलं. मुंबईहून एक इंजिनियर चार फ्लॉप्या घेऊन आले, तासाभरात मशीनमध्ये घातलं, "जुनं सगळं चालेल" म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

* * *

पहिल्याच सोमवारी माझ्या ओळी सहाव्या ओळीवर अडकल्या. पडद्यावर इंग्रजीत आलं, की अमुक गोष्ट सापडत नाही. बारकूदादांनी मान वाकडी करून विचारलं, "काय म्हनतंय?"

"सापडत नाही म्हणतंय."

"मंग शोधा की. मला वाडीत घर सापडत नाय तवा मी परत येतो का?"

त्या दिवशी मी जेवायला उठलो नाही. एकेक ओळ नव्या पद्धतीने लिहिली आणि संध्याकाळी यादी निघाली.

* * *

पुढच्या महिन्यात तारखांनी घोळ घातला. नवं व्हर्जन महिना आधी आणि दिवस नंतर वाचायचं. पाच फेब्रुवारीला, म्हणजे ५/२ ला, द्यायचं औषध त्याने दोन मेचं धरलं. पाच तारखेला पळसदरीच्या पलीकडून एक म्हातारी चालत आली. मी यादीत पाहिलं आणि सांगितलं, "आजी, आज तुमचं नाव नाही."

ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "कागदात नसंल रं. मी तर हाय ना इथं?"

डॉक्टरबाईंनी तिला औषध दिलं. तेव्हापासून यादी आली की मी आधी पायरीवर कोण बसलंय ते बघायचो.

* * *

आता माझी चूक सांगतो. ती सांगायला मला आजही बरं वाटत नाही.

दिवाळी झाली की वाड्यांवरची माणसं शेलूच्या वीटभट्ट्यांवर कामाला जात आणि पावसाच्या तोंडावर परतत. बारकूदादा आपल्या वहीत अशा नावापुढे चांदणी काढत. माणूस परत आलं की खोडत. डेटाबेसमध्ये एखादी नोंद काढून टाकायची खूण केली, की तिच्यापुढे अगदी तशीच चांदणी उमटायची, पण नोंद जागेवरच राहायची. खूण परतही घेता यायची. मला वाटलं, हे तर आमच्यासाठीच केलंय. भट्टीवर गेलेल्या प्रत्येकाला मी ती खूण करत गेलो आणि दादांनी वही बंद केली. पुढे ती वाळवीने खाल्ली.

जुनं व्हर्जन चांदण्या दाखवायचं. माहिती नव्यात घेताना त्या सगळ्या नोंदी गळून पडल्या. आणि जुन्या माहितीची प्रत असलेल्या फ्लॉपीवर मी नवी माहिती भरून बसलो होतो. फ्लॉप्या कमी पडायच्या म्हणून.

कुठे किती पेशंट, तो आकडा डॉक्टरबाई भिंतीवरच्या फळ्यावर लिहीत असत. फळ्यावर होतं: भट्टीवर, एकोणचाळीस. मशीनमध्ये एकही नव्हता. भट्टीवरच्या माणसांजवळच्या गोळ्या आठवड्यात संपणार होत्या, आणि टी.बी.चं औषध मध्ये तुटलं तर पुढे लागू पडेनासं होतं.

* * *

बारकूदादा स्टुलावर बसले आणि डोळे मिटले. "लिवा मास्तर. वाडीत शिरलं की पयलं घर सोमाचं. त्याची बायको. तिच्या पल्याड चिंचेखाली काळूराम..." वाटेतली घरं एकामागून एक येत होती, कुत्रं कुठे भुंकतं तेही येत होतं. मी टाईप करत होतो. पाच वाड्या झाल्या तेव्हा अडतीस नावं झाली होती.

"अजून एक, दादा."

ते पुन्हा पाचही वाड्या फिरले. नाव सापडेना. टाईप मीच केलेलं असणार, पण मलाही आठवेना.

डॉक्टरबाईंनी अडतीस पाकिटांवर नावं घातली आणि एकोणचाळिसावं कोरं ठेवलं. गोळ्या सगळ्यांना सारख्याच होत्या. सकाळी दादा शेलूच्या भट्ट्यांकडे निघाले.

* * *

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी आले तेव्हा पिशवी रिकामी होती.

"कोरं पाकीट कोणाला दिलं?" मी विचारलं.

"एक बाई हाय. सगळी पांगल्यावर आली. इथं येऊन स्वताच औषध घेऊन गेली व्हती. आपल्या कंच्याच वाडीतली नाय, म्हनून मला गावली नाय."

"नाव काय तिचं?"

"म्हनाली, तवाबी खोटंच सांगितलं व्हतं. नाव ईचारू नका, नायतर घेत नाय."

नाव कोरं असेल तर ओळ छापायची नाही, अशी एक अट मीच कधीतरी प्रोग्रॅममध्ये घातली होती. ती काढून टाकली आणि त्या बाईची बिननावाची ओळ यादीत घेतली. भट्टीसाठी वेगळा रकाना केला.

पुढच्या खेपेला पाकिटं भरताना डॉक्टरबाई यादी वाचत होत्या. एकेक नाव घ्यायच्या, दादा पिशवीतलं पाकीट चाचपून "हाय" म्हणायचे. अडतीस नावं झाली. शेवटच्या ओळीवर बाईंनी बोट ठेवलं आणि एखादं नाव उच्चारायला लागेल तेवढा वेळ त्या गप्प राहिल्या.

दादा म्हणाले, "हाय."