आत्यांची खातेनिहाय चौकशी

माणसानं प्रामाणिक असावं, पण आमच्या आत्यांइतकं प्रामाणिक असू नये, असं माझं अनुभवांती बनलेलं मत आहे. अख्ख्या दिल्लीत त्यांच्याइतकं सरळ माणूस सापडायचं नाही, आणि त्या सरळपणाचा शेजाऱ्यापाजाऱ्यांना जितका त्रास होतो तितका एखाद्या अट्टल भामट्याचाही होत नसेल. आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. लग्न केलं नाही. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात पस्तीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली निम्मी वर्षं इतरांच्या गैरवर्तनाच्या चौकशा करण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर मयूर विहारला आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर फ्लॅट घेतला. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मला मधले मजले फारच कमी वाटायचे.

इकडे भाजी घेतली की भाजीवाला वर थोडी कोथिंबीर आणि चार मिरच्या तशाच टाकतो. सगळी दिल्ली त्या कोथिंबिरीवर हक्क सांगते. आत्या मात्र ती पिशवीतून काढून गाडीवर परत ठेवतात आणि तिचा वेगळा भाव विचारतात. भाजीवाल्यानं पहिल्यांदा हसण्यावारी नेलं, दुसऱ्यांदा हात जोडले, आणि आता त्या गेटपाशी दिसल्या की तो सगळी कोथिंबीर गोणपाटाखाली लपवतो. एकदा मेट्रोत त्यांचा डोळा लागला आणि त्या एक स्टेशन पुढे गेल्या. उतरून उलट्या गाडीनं परत आल्या. दुसरा कोणीही गुपचूप बाहेर पडला असता. यांनी काउंटरवर जाऊन आपण एक स्टेशन जादा प्रवास केल्याची स्वतःविरुद्ध लेखी तक्रार दिली. काउंटरवरच्या बाईंनी तो कागद उलटा करूनही पाहिला म्हणे, मागच्या बाजूला काही खुलासा असेल तर कळावा म्हणून.

लेखी हा शब्द इथे महत्त्वाचा. आत्या तोंडी काही मानत नाहीत. सरकारी फायलीतले असतात तसे हिरवट कागद त्यांनी कुठूनसे विकत आणून ठेवलेत आणि घरातला प्रत्येक निर्णय त्यावर टिपण लिहून होतो. कामवाली बदलायची, फ्रिज घ्यायचा, सगळ्याची फाईल. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्यावरही एक टिपण झालं होतं. नवऱ्यानं ते मला लग्नानंतर दोन वर्षांनी, मी चांगल्या मूडमध्ये असताना दाखवलं. 'मुलगी नोएडात खाजगी कंपनीत आहे. बोलणं स्पष्ट आहे. स्वयंपाक तपासून पाहिलेला नाही. तथापि मंजुरीस हरकत नसावी.' मला राग आला होता, पण त्यात काही चुकीचं होतं, असंही मला म्हणता येईना.

तर अशा या आत्या गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी दुपारी आमच्या दारात उभ्या राहिल्या. हातात चष्म्याचं घर. स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्या आत आल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "मी आज चोरी केली आहे."

चष्म्याचं घर उघडून त्यांनी माझ्यापुढे धरलं. आत केसांना लावायची एक क्लिप होती. जांभळी, फुलपाखराच्या आकाराची, पंखांवर चमचम. सकाळी त्या नोएडातल्या एका मॉलमध्ये, खालच्या मजल्यावरच्या मोठ्या दुकानात साबण आणायला गेल्या होत्या. साबणाची पावती होती, क्लिपची नव्हती. घरी येऊन वाचायला बसल्या आणि चष्म्याचं घर उघडलं तर हे. चष्मा कुठाय, असं मी विचारलं, तर असेल घरातच कुठेतरी, असं म्हणून त्यांनी विषय तोडला. मला हसू आलं होतं, ते मी कसंबसं आवरलं. नवरा मात्र आतून मोकळेपणानं हसत आला आणि म्हणाला, "अगं आत्या, विसरलीस तू. टोपलीत टाकायची ती चष्म्याच्या घरात टाकलीस. बुढापा है यार, होता है." आत्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो हसता हसता थांबला. पुढे चार दिवस त्या त्याच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

माणूस चोर ठरला की घाबरतो आणि निर्दोष ठरला की सुटकेचा निःश्वास टाकतो, एवढं मला तोवर नक्की ठाऊक होतं. आत्यांचं सगळं उलटंच चाललं. सोमवारी त्यांनी सोसायटीच्या कमिटीतून स्वतःला निलंबित केलं. सेक्रेटरी साहेबांना कारण कळेना. मंगळवारी गेटवरच्या गार्डनं रोजच्यासारखा नमस्कार केला, तर त्यांनी तो घेतला नाही. 'चौकशी पूर्ण होईपर्यंत' घेणार नाही म्हणाल्या. गार्ड बिचारा दिवसभर आपलंच काय चुकलं ते आठवत राहिला. आणि बुधवारी माझ्या हातात एक हिरवट कागद पडला. आरोप: दुकानातून एक नग केसांची क्लिप जाणूनबुजून उचलणे. चौकशी अधिकारी म्हणून माझी नेमणूक केली होती. नवरा रक्ताच्या नात्यातला, म्हणून बाद. मी ऑफिसात लोकांच्या रजा मंजूर करते, तेवढा प्रशासकीय अनुभव पुरे, असं खाली लिहिलं होतं.

सुनावणी रविवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर झाली. आरोपी त्याच, आरोप मांडणाऱ्या त्याच, आणि मधून उठून चहा टाकणाऱ्याही त्याच. क्लिप टेबलाच्या मधोमध, बशीत. मी पहिलाच प्रश्न विचारला, की क्लिप का घेतलीत. आवडली, म्हणाल्या. आता आत्यांचे केस निवृत्तीपासून इतके बारीक कापलेले असतात की त्यांत साधी पिनही टिकणार नाही. ही लावणार कुठे होतात, असं मी विचारलं तर म्हणाल्या, वस्तूचा उपयोग हा मुद्दा नाही, मोह झाला एवढं पुरेसं आहे, पुढचा प्रश्न. मी प्रत्येक प्रश्नातून त्यांना विसरण्याच्या दाराशी आणून उभं करत होते आणि त्या प्रत्येक वेळी ते दार माझ्या तोंडावर बंद करत होत्या. मी म्हटलं, गर्दी असेल, हातात टोपली, घड्याळाकडे लक्ष. गर्दी नव्हती, म्हणाल्या. मग मोह झाला तो क्षण सांगा, क्लिप हातात घेतली तेव्हा मनात काय होतं? यावर आत्या पहिल्यांदाच थांबल्या. बशीतली क्लिप उचलून त्यांनी उलटसुलट पाहिली, जणू तिच्यावर कुठे लिहिलेलं असेल. मग म्हणाल्या, "चहा गार होतोय."

स्वतःच्या सुटकेच्या विरोधात इतकी जिवाच्या आकांतानं भांडणारी बाई मी पाहिली नव्हती. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. रात्री नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, आयुष्यभर दुसऱ्यांना दोषी ठरवलं, आता कोणी सापडत नाही म्हणून स्वतःला धरलंय. ते मला पटलंही आणि नाहीही.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघी क्लिप परत करायला त्या दुकानात गेलो. मॅनेजर तरुण, हसतमुख. आत्यांनी सगळा गुन्हा शुद्ध सरकारी हिंदीत सांगितला. त्यानं क्लिपवरचा कोड मशीनवर दाखवला आणि म्हणाला, की सिस्टमच्या हिशेबानं ही विकलीच गेलेली नाही, त्यामुळे परत घेता येत नाही. आंटीजी, आप रख लीजिए, छोड़िए. आत्या तिथेच त्याला कर्तव्याबद्दल चार शब्द सुनावणार होत्या, एवढ्यात मागून दुकानातली एक मुलगी आली. युनिफॉर्मच्या खिशातून तिनं चष्मा काढला. क्लिपा टांगतात त्या हुकाला तो दोन आठवड्यांपूर्वी लटकलेला सापडला होता. त्या दिवशी तिनं आत्यांना तिथे क्लिपा बघताना पाहिलं होतं, म्हणून तो आठवणीनं जपून ठेवला होता.

मला इतका आनंद झाला की मी त्या मुलीचा हातच धरला. सगळं लख्ख झालं होतं. आत्यांनी क्लिप बघायला काढली, चष्मा तिच्या जागी हुकाला अडकवला आणि क्लिप चष्म्याच्या घरात घालून घरी आल्या. याहून भक्कम पुरावा कुठल्या आरोपीला मिळाला असेल? परतताना कॅबमध्ये मी सारखी बोलत होते. आत्या खिडकीबाहेर बघत होत्या. चष्मा त्यांनी डोळ्यांना लावला नव्हता, नुसता मुठीत धरला होता. त्याच संध्याकाळी मी अहवाल लिहिला, 'आरोप सिद्ध होत नाही', आणि मिरवत खाली घेऊन गेले.

त्यांनी तो उभ्यानंच वाचला. मग खुर्चीत बसल्या. अहवालाची घडी घातली. मग त्यांनी मला त्यांच्या आईबद्दल सांगितलं, जे आमच्या घरात कोणी कधी बोललं नव्हतं. नागपूरला आईचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या डाळीच्या डब्यात निघाल्या, मग चपला फ्रिजमध्ये. सगळे हसायचे, आत्याही हसायच्या. शेवटी एकदा त्या रजा काढून घरी गेल्या, तर आईनं त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, बसा बाई, माझी मुलगी दिल्लीला मोठी अधिकारी आहे, ती आली की तुमचं काम सांगते तिला.

"चोरी केली असेल तर तिला शिक्षा आहे गं," आत्या म्हणाल्या. "शिक्षा भोगली की संपतं. विसरले असेन तर ते कुठे संपणार?"

मी दोन आठवडे त्यांना धीर देत नव्हते, त्यांचं सगळ्यात मोठं भय दर वेळी पुढ्यात मांडत होते. मला स्वतःची लाज वाटली. डॉक्टरांना दाखवू या, असं मी पुटपुटले. आधी निकाल, म्हणाल्या.

मी वर आले आणि दुसरा अहवाल लिहिला. खरं काय ते मला माहीत होतं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर खोटं लिहीत होते, तेही दिल्लीतल्या सगळ्यात प्रामाणिक बाईसाठी. 'आरोपीने क्लिप बहुधा जाणूनबुजून उचलली, असे दिसते.' शिक्षा दोन. एक, यापुढे आरोपीने कोणत्याही दुकानात एकटीने जाऊ नये, चौकशी अधिकारी सोबत असावी. दोन, वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. आत्यांनी नवा अहवाल तो सापडलेला चष्मा लावून वाचला. पेन घेतलं, 'बहुधा' खोडलं, आणि शेजारी सही केली. दुसऱ्या शिक्षेपुढे त्यांनी 'विचाराधीन' असं लिहिलं. तपासणीला यायला त्यांनी पुढे पाच महिने लावले. पण त्या संध्याकाळी त्या कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी गार्डचा नमस्कारही घेतला.

आता दर शनिवारी आम्ही दोघी सामान आणायला जातो. आत्या मान ताठ ठेवून चालतात आणि ओळखीचं कोणी भेटलं की मी त्यांच्यावर पहाऱ्याला आहे, असं कारणासकट सांगतात. लोकांना ती थट्टा वाटते. डॉक्टर म्हणाले ते मी इथे लिहीत नाही. आत्या चहाची पुडी टोपलीत टाकतात, दोन रांगा पुढे गेल्यावर परत चहापाशी येतात आणि आणखी एक टाकतात. परवा तीन झाल्या. त्या दुसरीकडे बघत असल्या की मी जास्तीची पुडी उचलते, ओढणीआड धरते आणि हळूच मागच्या फळीवर ठेवून येते. दुकानाच्या दारातला गार्ड हल्ली माझ्याकडे रोखून बघतो, आणि वरच्या कॅमेऱ्यातही मी दिसत असणार. माझ्याबद्दल त्यांना काय वाटायचं ते वाटू दे, आत्यांनी मागे वळून बघू नये एवढंच मी त्या वेळी मनात म्हणत असते.