दोघांच्याही निळ्या खुर्च्या

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि तेही कायदा शिकायला. 'मध्यस्थी' या विषयाचा एकच धडा झाला होता, तरी पप्पांचं भांडण आपण सोडवू असं मला मनापासून वाटलं.

पप्पा आणि शेजारचे काका, दोघांचाही मंडपाचा धंदा. ओळख पटावी म्हणून मंडपवाले आपापल्या खुर्च्यांना रंगाचा पट्टा मारतात. जयंतीला विहार रंगवून उरलेला निळा रंग या दोघांनी अर्धा अर्धा वाटून घेतला आणि दोघांनीही तोच पट्टा मारला. मोठ्या ऑर्डरला ते एकमेकांच्या खुर्च्या नेत. लोधिवलीच्या लग्नाहून सगळ्या खुर्च्या एकाच टेंपोत परत आल्या, तेव्हा चांगल्या खुर्च्यांवर दोघांनी हक्क सांगितला. तडकलेल्या कोणाच्याच नव्हत्या.

निकाल लागेपर्यंत खुर्च्या विहाराच्या पडवीत ठेवल्या. पण रविवारी खोपोलीत लग्न होतं, दोनशे खुर्च्यांचं. पप्पांनी शब्द दिला होता. खुर्च्या गेल्या नसत्या तर ते गिऱ्हाईक कायमचं तुटलं असतं.

शनिवारी सकाळी मी दोघांना पडवीत बोलावलं. पप्पा एका खुर्चीत बसले.

"माझ्या खुर्चीवरून ऊठ," काका म्हणाले.

शेवटी भोवती एवढ्या खुर्च्या असून आम्ही तिघं फरशीवर बसलो.

"प्रथम पक्षाने आपली बाजू मांडावी," मी म्हणाले.

"पप्पा म्हण गं," पप्पा म्हणाले.

मग धड्यात होतं तसं मी एकेकाशी वेगळं बोलायचं ठरवलं. आधी पप्पांशी बोलले, मग काकांना भिंतीपलीकडे नेलं.

"तुझा बाप काय म्हणला?" त्यांनी आधी तेच विचारलं.

"काका, ते गोपनीय असतं."

"सांग गं त्याला," पडवीतून पप्पा ओरडले, "त्यो चोर हाय म्हणलो!"

मी दोघांना परत समोरासमोर बसवलं. एकाने पट्ट्याचा रंग बदलावा, असं चाचरत सुचवलं. त्यावर मात्र दोघांचं लगेच एकमत झालं: निळा कोणीच सोडणार नव्हता. माझी वही संपत आली. मग मी घाबरत विचारलं, "काका, तुम्हाला नक्की राग कशाचा आलाय?"

काकांनी पप्पांकडे बोट केलं.

"दरवेळी मोठी ऑर्डर घेताना मला विचारतो. खोपोलीची परस्पर घेतली. माझ्या खुर्च्यांशिवाय दोनशे भरणार कुठनं?"

पप्पांचा आवाज एकदम उतरला. "सांगायलाच आलतो. तवा तू तडकलेल्या खुर्च्या माझ्या दारात रचत होतास."

मला हसू आलं. मध्यस्थाने हसू नये, म्हणून मी वहीत तोंड घातलं. वर पाहिलं तर काकाही हसत होते. ते उठून जवळच्या खुर्चीत बसले आणि ताडकन उभे राहिले. सीटच्या फटीत त्यांना चिमटा बसला होता.

"ही तुझीच हाय रं!"

"असू दे. तुझी पन एक काढतो," पप्पा म्हणाले आणि तडकलेल्या खुर्च्या शोधायला लागले.

मी करार लिहिला: खुर्च्या वाटायच्या नाहीत, मोठी ऑर्डर एकमेकांना विचारून घ्यायची, तडकलेल्या दोघांनी मिळून तारेने शिवायच्या. न वाचताच दोघांनी सह्या केल्या.

रविवारी टेंपो वेळेवर खोपोलीत पोचला. मी नवा ड्रेस घालून मांडवाच्या दारात उभी होते. काकांनी खाली उतरून माझ्याकडे पाहिलं.

"तू कोणाच्याच बाजूची नाय ना गं?"

"नाही, काका," मी अभिमानाने म्हणाले.

"मग ये. दोघांच्याबी खुर्च्या उचल."